सूर्य उतू जातो तेव्हा

सूर्याचा राग सगळ्यांनाच येतो, पण मे महिन्यात. आमच्या घरमालकांना तो बाराही महिने यायचा. सेलूला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असताना मी त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले, आणि ती सगळी वर्षं हा माणूस आणि सूर्य यांच्या भांडणात मधे सापडले. थकून गेले अगदी. आता बदली होऊन वर्ध्याला आले आहे. इथं गच्चीवर मी वाट्टेल तेव्हा कपडे वाळत घालते, कोणी हटकत नाही. तरी सकाळी बादली घेऊन जिना चढताना पाय अजून जरा अडखळतो.

खोली पाहायला गेले त्या दिवशीच त्यांनी अट घातली होती.

"पाणी विहिरीचं आहे, कमी नाई पडत. मटण खा, नका खाऊ, मले फरक नाई. पाहुणे आले तरी चालते. फक्त उपग्रहाच्या वेळेले गच्चीवर कपडे नको."

मला वाटलं काही ग्रहदशेचं वगैरे असेल, म्हातारी माणसं पाळतात. हो म्हणून टाकलं. सामान लावून झालं आणि दुसऱ्या सकाळी चादर घेऊन वर गेले, तर हे बनियन आणि पायजम्यावर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, गच्चीच्या मधोमध उभे. हातात प्लास्टिकचा पाइप, त्यावर शिंप्याच्या नव्हे, सुताराच्या त्या लोखंडी टेपच्या पट्ट्या कापून आडव्या बसवलेल्या. पाइपातून एक वायर निघून खाटेवरच्या लॅपटॉपला गेलेली. पाइप आभाळाकडं धरून ते इंच इंच वळत होते आणि लॅपटॉपमधून खरखर येत होती. मधेच त्या खरखरीत पिप, पिप असा बारीक आवाज आला. त्यांनी मान न वळवता मला हातानं थांबवलं. माझ्या डोक्यावर ओली चादर, खाली पाणी टपकतंय, आणि मी पुतळ्यासारखी उभी. आवाज मावळला तेव्हा म्हणाले, "या आता मॅडम. टाका कपडे."

कपड्यांची लोखंडी तार त्यांनी आधीच काढून टाकली होती. धातूची तार सिग्नल खाते म्हणे. तिच्या जागी नायलॉनची दोरी होती आणि ती इतकी झोळ द्यायची की माझ्या साड्यांचे काठ कायम धुळीत. मी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा तक्रार केली. त्या म्हणाल्या, "माह्याही लुगड्याचं तेच हाल आहे बाई. पोरीचं आहे ना ते वरचं. तिच्याशी बोलत नाई, तिच्या डब्याशी बोलते."

तेव्हा मला कळलं. तो उपग्रह त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं बनवला होता. ती पुण्याकडं एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी मिळून चपलांच्या खोक्याएवढा एक उपग्रह तयार केला, तो वर गेला, आणि दिवसातून काही वेळा आपल्या डोक्यावरून जाताना तो पिप-पिप करतो. मुलगी बापाशी कित्येक वर्षं बोललेली नव्हती. बाप मुलीशी बोललेला नव्हता. दोघांच्या मधे हे एक खोकं तेवढं फिरत होतं.

सर (मी त्यांना सरच म्हणायची) आमच्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी रुजू व्हायच्या आधी निवृत्त झाले. स्टाफरूममध्ये त्यांचा विषय निघाला की जुनी मंडळी आधी हसायची आणि मग विषय बदलायची. प्रॅक्टिकलच्या वहीत रीडिंग फार नीट आलेलं त्यांना चालत नसे. प्रयोग न करता, पुस्तकातलं उत्तर पाहून उलट्या हिशेबानं आकडे भरायचे, याला आमच्याकडं 'मनाचं रीडिंग' म्हणतात. सगळीकडे चालतं. आम्ही भाषावाले तोंडी परीक्षेचे गुण कसे देतो ते काय मला माहीत नाही? पण सर वही उघडायचे, पोराला उभं करायचे आणि प्रयोगातली तार दाखवून विचारायचे, "या तारेनं पुस्तक वाचलं का रे? मंग उत्तर पुस्तकातलं कसं काय आलं?" पोरगं खाली मान घाले. गुण कापले जात. पालक येऊन भांडत, प्राचार्य समजूत काढत, सर ढिम्म.

घरीही तेच. काकू सहज म्हणाल्या, "आज पंचेचाळीस असंन," की लगेच, "असंन म्हणजे? भिंतीवर थर्मामीटर लावलं आहे ना? पाहून सांग." मी म्हटलं, "सर, दहा मिनिटांत येते," आणि अर्ध्या तासानं आले, तर दारातच, "मॅडम, ते दहा तुमी कशानं मोजले?" चिडचिड व्हायची. दिवसभर वर्गात घसा फोडून आल्यावर कोणाला हवेत असले प्रश्न? पण त्या माणसाच्या तोंडून 'अंदाजे' हा शब्द मी कधी ऐकला नाही, हेही खरं.

सूर्याशी भांडण उपग्रहापायीच सुरू झालं होतं. रोज सकाळी ते जुनी दुर्बीण एका स्टुलाला बांधायचे आणि सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचे. दुर्बिणीला डोळा लावून कोणी पाहायला गेलं तर असे ओरडत की माणूस जिन्यावरून खाली यायचा. पुठ्ठ्यावर ताटलीएवढा सूर्य आणि त्यावर मुरमुऱ्याएवढे काळे डाग. डाग नसले की सर त्या दिवशी काकूंशी गोड बोलत. डाग वाढले की जेवणात मीठ कमी पडे.

मला हे प्रकरण समजलं ते रथसप्तमीला. काकूंनी अंगणात रांगोळीचा सूर्य काढला, गोवऱ्या पेटवल्या, बोळक्यात दूध ठेवलं. आम्ही दोघी ते उतू जायची वाट पाहत बसलो होतो. सर हात मागे बांधून येऊन उभे राहिले.

"मॅडम, पाहा. हे असंच होते तिथं. डागापाशी आत काही तरी तटतटून राह्यते, अन् मंग एकदम उतू जाते. ते सगळं भारलेलं असते विजेनं. दोन-तीन दिवसात इथं येऊन पोचते."

"मग काय होतं?"

"आपली वरची हवा तापते अन् फुगते. जिथं हवा नाई म्हणून आपण उपग्रह ठेवला, तिथं हवा जाऊन पोचते. त्याले ते घासते. वेग मोडला की ते खाली येते. आणखी खाली आणखी हवा. मंग संपलं."

दूध उतू गेलं, पूर्वेच्या अंगाला. काकूंनी हात जोडले. पूर्वेला गेलं म्हणजे चांगलं, असं काही तरी पुटपुटल्या.

सर म्हणाले, "हे दूध ज्या बाजूले जाते त्या बाजूचं भलं होते म्हणते ही. त्याचं ज्या बाजूले जाते, त्या बाजूचं काही खरं नाई."

"सणाच्या दिवशी तरी मुकाट राहा न जी," काकू म्हणाल्या.

गावात मात्र त्यांची थट्टा चालायची. लाइट गेली की पानठेल्यावरून कोणीतरी हाक मारायचं, "सर, आज सूर्यानं घालवली का?" सर सायकल थांबवून गंभीरपणे उत्तर द्यायचे, "माकडानं. डीपीवर चढलं होतं." कधी मोबाइलवर निरोप फिरायचा की सूर्यावर वादळ झालं आहे, आज रात्री फोन बंद ठेवा, उशाशी घेऊ नका. अशा वेळी शेजारपाजारचे लोक थट्टा विसरून गुपचूप विचारायला येत. मनात आणलं असतं तर सर त्या दिवसांत सेलूचे मोठे महाराज झाले असते. पण ते म्हणत, "फोनले काही होत नाई. तुमाले तर काहीच होत नाई. आपण विषुववृत्ताच्या बाजूचे. विजेच्या मोठमोठ्या लाइनी बंद पडते त्या तिकडं वर, कॅनडाकडं. जा, झोपा." लोक हिरमुसून जात. एवढी तयारी करून आलेल्या माणसाला काहीच होणार नाही म्हणून सांगणं बरं नव्हे, पण ते त्यांना कोण समजावणार?

एकदाच त्यांचं बोलणं खरं ठरलं. मागच्या शेताची मोजणी होती. मोजणीवाला उपग्रहावरून जागा पकडणारं यंत्र तिकाटण्यावर मांडून उभा. सर जाऊन म्हणाले, "आज नका मोजू, आज वरची हवा ढवळली आहे, यंत्र धड जागा नाई दाखवणार." तो हसला. मग दुपारपर्यंत यंत्र काही ठरेना, हद्द कधी विहिरीत तर कधी रस्त्यावर. शेवटी त्यानं बांधावरच्या कडुनिंबावर खापर फोडलं आणि निघून गेला. शेतमालक सरांवरच चिडला, तुम्हीच नाट लावला म्हणून. सरांनी त्याला चहा पाजला आणि पुन्हा कुणाला काही सांगायला गेले नाहीत.

मुलीची गोष्ट काकूंनी मला कुरड्या घालताना सांगितली. ती बारावीला बापाच्याच वर्गात होती. प्रॅक्टिकलच्या दिवसांत तिला ताप होता. राहिलेल्या प्रयोगांचे आकडे तिनं मनानं भरले, चार पोरी भरतात तसे. सरांनी वही उघडली, सगळ्या वर्गासमोर तिला उभं केलं, तारेनं पुस्तक वाचलं का म्हणून विचारलं आणि गुण कापले. दुसऱ्यांचे कापत त्याहून जास्तच कापले, कारण आपली पोर. तेवढ्यावरून तिचा नागपूरचा प्रवेश हुकला. लांब पुण्याकडं गेली, शिकली, तिथंच राहिली.

"तापानं फणफणली होती वो पोरगी," काकू म्हणाल्या. "मी ह्यायले म्हटलं, तुमाले दिसत नोयतं का? तर म्हणे, मंग ताप होता असं वहीत लिहायचं होतं."

दिवाळीला ती यायची, दोघांच्या पाया पडायची आणि बाप समोर बसलेला असताना आईला म्हणायची, "आई, बाबांले सांग, चहा झाला." बाप म्हणायचा, "तिले सांग, साखर कमी टाक." काकू मधे उभ्या राहून दोन्हीकडं सांगायच्या. मी ऐकूनच दमले. त्या इतकी वर्षं कशा दमल्या नाहीत कोण जाणे.

उपग्रह वर गेला तेव्हा सरांनी कुणालाही न विचारता घरातला टेप कापला आणि तो पाइप बनवला. असल्या उपग्रहाचा आवाज कोणीही ऐकावा आणि काय ऐकलं ते कॉलेजला कळवावं, अशी सोय असते. सर रोज कळवायचे. सिग्नल किती, बॅटरी किती, आतलं तापमान किती. नावाच्या जागी फक्त 'सेलू'. ते इंग्रजीत लिहावं लागे, म्हणून पाठवण्याआधी लॅपटॉप माझ्यापुढं यायचा. "मॅडम, इंग्रजी पाहून घ्या." रोज तीच चार वाक्यं. मी रोज ती वाचायची. आणि रोज तिकडून एकच शब्द यायचा, मराठीत. 'मिळालं.'

काकूंनी एकदा विचारलं, "हे कोण लिहिते जी, तीच का?"

"मशीन पाठवत असंन."

"असंन म्हणजे?" काकू म्हणाल्या. "पाहून सांगा न."

सर उठून अंगणात गेले.

एका पावसाळ्यात ते तापानं पडले. पाइप भिंतीला टेकून उभा राहिला. दोनच दिवस झाले असतील, तर काकूंना मुलीचा फोन. "आई, सेलूचं काही आलं नाही. बाबा बरे आहेत ना?" काकूंनी फोन तसाच सरांच्या तोंडापाशी नेला. सरांनी भिंतीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "सांग तिले, ताप आहे. लिहून घे म्हणा." पलीकडं तिनं ते ऐकलं. फोन ठेवला. पण त्या दिवशी आम्हा तिघांनाही कळलं की ते वरचं खोकं पडलं तर या घरातलं उरलंसुरलं बोलणंही बंद पडेल.

आणि ते पडणारच होतं. ही दोन-तीन वर्षं सूर्य भरात होता, त्याची तशी पाळी येते म्हणे. पुठ्ठ्यावर डागच डाग. उपग्रह थोडा थोडा खाली सरकत होता. खाली आलेला उपग्रह लवकर फेरी मारतो, त्यामुळं तो ठरल्या वेळेच्या आधीच उगवायचा. सर धावत जिना चढायचे, गुडघा धरून. "घाई करून राह्यलं," म्हणायचे. दिवाळीपर्यंत टिकेल असा त्यांचा हिशेब होता. मी पाहत होते, तो हिशेब त्यांनी दोन-तीनदा पुन्हा केला. दर वेळी दिवाळीच यावी असं त्यांना वाटत असावं.

मग तो मे महिना. पेपर तपासून माझ्या डोळ्यांची लाही झालेली, कूलरमधलं पाणीसुद्धा गरम. एका सकाळी सरांनी मला वर बोलावलं. पुठ्ठ्यावरचा डाग आता मुरमुऱ्याएवढा नव्हता, डागांचा सगळा पुंजका होता. सर खाटेवर बसले होते. दुर्बीण नीट करायलाही उठले नाहीत.

"हे काही दिवाळी पाहू देत नाई, मॅडम."

दोन दिवसांनी आमच्या स्टाफच्या ग्रुपवर फोटोच फोटो. लडाखच्या आभाळात लाल प्रकाश दिसला, सूर्याच्या वादळामुळं, वगैरे. सगळे हरखलेले. मीही फोटो घेऊन सरांकडं गेले. खरंच सुंदर होता, गुलाल उधळल्यासारखं आभाळ. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"चांगला आहे," म्हणाले. "हवा केवढी वर गेली असंन, पाहा."

असंन म्हणाले.

त्या सकाळी आवाज आला, पण फार बारीक. दुसऱ्या सकाळी मी कपडे घेऊन जिन्यातच थांबले होते, नेहमीसारखी. सर दक्षिणेकडं तोंड करून लवकरच येऊन उभे होते. पाइप आभाळाकडं धरून ते हळूहळू उत्तरेकडं वळले. नुसती खरखर. पुन्हा दक्षिणेकडं वळले, पुन्हा उत्तरेकडं. उन्हानं गच्ची पोळत होती आणि ते अनवाणी होते. वेळ टळून गेली तरी हात खाली येईना. मग त्यांनी पाइप कठड्याला टेकवला, दुपट्ट्यानं मान पुसली आणि खाटेवर बसून टाइप करू लागले. थोड्या वेळानं लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

"मॅडम, इंग्रजी पाहून घ्या."

मी वाचलं. सिग्नल क्षीण, पण स्पष्ट. बॅटरी ठीक, आकडा दिलेला, दशांशासकट. आतलं तापमान, तेही दशांशासकट. नाव, सेलू.

"सर, आज आवाज तर आलाच नाही."

"इंग्रजी बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि पाठवून दिलं.

मी दोरीवर साड्या टाकल्या. हात चालत होते म्हणून चालत होते. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांच्या वह्या उघडून त्यांना उभं केलं, पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, तो माझ्यासमोर मनाचं रीडिंग लिहून बसला होता. मला त्यांचा राग आला नाही. मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी तिकडून 'मिळालं' आलं नाही. सर दर थोड्या वेळानं लॅपटॉप उघडून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा पाठवलं, पुन्हा आकडे, पुन्हा मी इंग्रजी पाहिलं. मी खाली काकूंच्या स्वयंपाकघरात चहाला बसले. माझा सिलिंडर संपला होता. सर पाटावर, काकू गॅसजवळ. आणि सरांचा फोन वाजला. काकूंनी वाकून पाहिलं.

"अवो, तिचा आहे. तुमच्या फोनवर."

सरांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर लावत. तसाच लावला. बोटाला लागलेलं पोह्याचं तेल पडद्यावर उमटलं.

"बाबा."

"हं."

"ते जळलं बाबा. वादळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. खाली दक्षिणेला, समुद्रावर."

"हं."

"मग काल अन् आज सेलूहून रीडिंग कसं आलं?"

सरांनी काकूंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी चहाच्या कपात पाहत राहिले.

"बॅटरीसुद्धा लिहिली तुमी," ती म्हणाली. "दशांशासकट."

"मनाचं लिहिलं," सर म्हणाले.

मला वाटलं फोन कटला. काकूंचा हात पदराशी तसाच थांबलेला. मग तिचा आवाज आला, आधीपेक्षा लहान, एखाद्या शाळकरी पोरीचा असावा तसा.

"ताप होता का?"

"नाई," सर म्हणाले. "ताप नोयता. काहीच नोयतं. तू 'मिळालं' म्हणशीन म्हणून लिहिलं."

"मंग गुण कापा लागंन, बाबा."

"काप," सर म्हणाले. दोन्ही हातांनी फोन धरला होता त्यांनी. "मी तुये कापलते तेवढे काप. सगळ्यासमोर काप. ही आहे इथं, मॅडम पण आहे."

ती हसली की रडली ते त्या स्पीकरवरून मला कळलं नाही. सरांचं मात्र स्पष्ट दिसत होतं. फोन कुणीच ठेवत नव्हतं. गॅसवर दूध चढलं, कडेपर्यंत आलं, भांड्यावरून खाली वाहू लागलं, जळका वास सुटला. काकू जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मीच उठून गॅस बंद केला.